इथल्या सत्यनारायणाला नाही म्हणायचीस, तिथल्या भुतांना उदबत्ती?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २९ वर्षांची, काळाचौकीच्या चाळीत वाढलेली. सध्या तैवानमधल्या शिन्चू शहरात इंजिनिअर आहे. वडील अंधश्रद्धा निर्मूलनाचे जुने कार्यकर्ते, घरात देव्हारा नाही. २६ जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची महापूजा असायची, त्या पूजेला ती कॉलेजात गेल्यापासून कधी खाली उतरली नाही. तैवानमध्ये चांद्र पंचांगाचा सातवा महिना मृतात्म्यांचा मानतात. गेल्या वर्षी त्या महिन्यात ऑफिसच्या आवारात सामुदायिक पूजा झाली. तिच्याही हातात उदबत्त्या दिल्या गेल्या आणि तिने त्या घेतल्या. कुणीतरी काढलेला फोटो फिरत फिरत घरच्या ग्रुपवर पोहोचला. मामेभावाने लिहिलं, “इथल्या सत्यनारायणाला नाही म्हणायचीस, तिथल्या भुतांना उदबत्ती?” वडील काहीच बोलले नाहीत, पण नंतर बरेच दिवस फोन लवकर ठेवत होते. आता तो महिना पुन्हा येतोय. घरमालकीण आजी म्हणते, रात्री बाल्कनीत कपडे वाळत घालू नकोस, रात्री शिट्टी वाजवू नकोस. त्यात ऑफिसजवळ कमी भाड्याचं घर नेमकं त्याच महिन्यात मिळतंय, तर आजी म्हणते, या महिन्यात घर बदललंस तर बरं होणार नाही. “मी ढोंगी आहे का? यंदा उदबत्ती घ्यायची का? घर घ्यायचं की सोडायचं?” असं विचारून पत्राच्या अगदी शेवटी तिने लिहिलंय, “खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ते आवडलं होतं.”

तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मी आधी घेते. मला वाटतं, तुम्हाला मामेभावाचा टोमणा लागला तो याच ओळीमुळे. नुसती भिडेखातर उदबत्ती धरली असती तर तुम्ही ते केव्हाच विसरून गेला असता. आवडलं, म्हणून मन खात राहिलं. विवेकाने वाढलेल्या मुलीला असलं काही आवडूच कसं शकतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

तर काय आवडलं, ते जरा बघू. तुम्हीच वर्णन केलंय. आवारात उघड्यावर लांबलचक टेबलं, त्यांवर इन्स्टंट नूडल्सचे डबे, बिस्किटं, शीतपेयांचे कॅन, फळं, आणि जवळपास प्रत्येक पाकिटात खोचलेली एकेक पेटती उदबत्ती. टेबलाच्या कडेला पाण्याने भरलेलं घंगाळ आणि नवा कोरा टॉवेल. जेवायला येणाऱ्यांनी आधी हातपाय, तोंड धुवावं म्हणून. हे सगळं कुणासाठी? घरच्या पूर्वजांसाठी घरात वेगळी पूजा होतेच. बाहेरचं हे ताट ज्यांचं करणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी असतं. समुद्रात गेलेले, लढाईत पडलेले, वाटेत कुठेतरी मेलेले. उत्तरेकडच्या चीलुंग बंदरात याच महिन्यात मोठा उत्सव होतो, त्याचा इतिहास तुम्ही एकदा जाणून घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे चीनच्या दोन वेगवेगळ्या भागांतून आलेल्या लोकांमध्ये रक्तरंजित मारामाऱ्या झाल्या, खूप माणसं मेली. नंतर त्या सगळ्यांची हाडं एकत्र पुरली आणि दरवर्षीच्या पूजेचा मान एकेका आडनावाच्या कुळाकडे पाळीपाळीने द्यायचं ठरलं. जी ईर्ष्या मारामारीत होती ती मिरवणुकीच्या थाटामाटात गेली. पाळी आजही चालते आणि पाण्यात दिवे आजही सोडतात.

आपल्याकडच्या तर्पणातही आपल्या पितरांनंतर ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी पाणी सोडतात. भाद्रपदातला पितृपंधरवडा आणि तिथला सातवा महिना ऋतूनेही जवळजवळच येतात. म्हणजे तुमच्या हाती जे आलं ते तुम्हाला फार परकं नव्हतंच. बेवारस मेलेल्यांसाठी कुणीतरी टॉवेलसुद्धा ठेवतं, हे बघून गलबलणं आणि मृतात्मे खरोखर येऊन नूडल्स खातात असं मानणं, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. पहिली तुम्हाला झाली. त्यासाठी वडिलांची माफी मागायचं काहीच कारण नाही.

आता ढोंगीपणाचं. तुम्ही असं गृहीत धरलंय की तत्त्व एक असेल तर वागणंही सगळीकडे एकच हवं. मला हे पटत नाही. काळाचौकीत तुम्ही सत्यनारायणाला नाही म्हणत होता तेव्हा तुम्ही चाळीतल्याच होता. वर्गणी तुमच्या घरून जात होती, न येणाऱ्यांची चर्चा तुमच्या आईला नळावर ऐकावी लागत होती, आणि पूजा केली नाही तर संकट येतं ही कथेतली भीती तुमच्याच वयाच्या मुलींच्या मनात बसत होती. त्या रूढीचा तुमच्यावर हक्क होता, म्हणून तुमच्या नकाराला किंमत होती. शिन्चूच्या आवारात तुम्ही पाहुण्या होता. तुम्ही उदबत्ती नाकारली असती तर कुणाच्या डोक्यातली भीती तसूभरही कमी झाली नसती, फक्त तुमच्या बाजूला उभी असलेली सहकारी गोंधळली असती.

पण मामेभावाला मी पूर्ण मोडीत काढणार नाही. त्याचं निम्मं खरं आहे, आणि हे तुमच्याइतकंच परदेशात राहणाऱ्या बाकीच्या वाचकांनाही लागू आहे. तिथल्या रूढी आपल्याला ‘संस्कृती’ वाटतात आणि घरच्या ‘मागासलेपणा’ वाटतात, कारण तिथल्या रूढींची झळ आपल्याला बसत नाही. तिथे टॉवेल दिसतो. इथे सत्यनारायणाच्या दिवशी पहाटेपासून शिऱ्यासाठी रवा भाजणारी, शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला आठवणीने प्रसाद पोहोचवणारी मामी दिसत नाही, फक्त पोथी दिसते. घरमालकीण आजीशी तुम्ही किती हळुवारपणे वागता ते पत्रात ओळीओळीत जाणवतं. तेवढाच हळुवारपणा मामीच्या वाट्याला कधी आला का, हे स्वतःला विचारून बघा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

मग मोजायचं कशाने? तुम्ही ‘मी मानते की नाही’ याने मोजताय, म्हणून अडकताय. तुमच्या वडिलांच्या चळवळीनेच याहून चांगलं माप दिलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याने काय बंद केलं ते आठवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, नरबळी, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक. आणि कशाला हात लावला नाही? प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, आणि शरीराला इजा किंवा पैशाचं नुकसान होत नाही असे धार्मिक विधी. वर्षानुवर्षं झगडून मिळवलेल्या कायद्यानेच ही रेघ आखलेली असताना तुम्ही तिच्या अलीकडे उभं राहून स्वतःला अपराधी का समजता?

ही रेघ घेऊन ऑफिसच्या पूजेकडे पाहा. कुणाला इजा? नाही. कुणाचे पैसे? टेबलावरचा खाऊ नंतर तुम्ही सगळेच घरी नेता. राहिला एक प्रश्न आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: तिथे नाही म्हणायची सोय आहे का? तैवानमध्ये ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांतले बरेच जण उदबत्ती हातात घेत नाहीत. ते बाजूला उभे राहतात किंवा नुसती मान झुकवतात, आणि तिथे याची सवय आहे. तुमच्या टीममध्येही असं कुणी असेल. त्यांना विचारा ते काय करतात. म्हणजे तुमच्यापुढे धरणं किंवा पळणं असे दोनच रस्ते नाहीत.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी रजा टाकू नका. रजा टाकणं सगळ्यांत सोपं वाटतं, पण दरवर्षी त्याच तारखेला आजारी पडणाऱ्या माणसाबद्दल ऑफिसात काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. भाषण तर अजिबात करू नका. सकाळी टेबलं लावायला, खोके उचलायला जा. पूजेच्या वेळी मागच्या रांगेत उभं राहा. उदबत्ती धरावीशी वाटली तर धरा, नको वाटली तर “मी नुसती उभी राहते” एवढं सांगा, हसून, आणि आधीच, म्हणजे पेटत्या काड्या तुमच्यासमोर आल्यावर ओशाळायची वेळ येणार नाही. हे मुंबईकराला शिकवावं लागू नये. माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, आणि माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांच्या रांगेत कुंकू लावलेल्या बायका असतातच. दुसऱ्याच्या देवापुढे आब राखून उभं राहायचं कसं हे या शहराला ठाऊक आहे, आणि तुम्ही इथल्याच.

ते सर्व्हरवर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट तुम्ही ओझरतं लिहिलंय, तेही याच खात्यात टाका. मशीनने नीट चालावं म्हणून नारळाच्या स्वादाचं हिरवंच पाकीट ठेवायचं आणि त्याची मुदत संपायच्या आत बदलायचं, हे तिथले उच्चशिक्षित इंजिनिअर करतात. आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला लेथ मशीनला झेंडूचं तोरण लागतं, लोकलच्या डब्याला हार पडतात. मशीन बिघडलं तर दोन्हीकडे मेकॅनिकलाच बोलावतात. जोवर मेकॅनिकला बोलावतात तोवर काळजी नको. कुणी मेंटेनन्सचा खर्च वाचवून पाकीट ठेवलं, तर मात्र आवाज उठवा. तो तुमच्या कामाचाच भाग आहे.

एका मोहापासून जपा. बऱ्याच जणांना अशा वेळी सुटकेचा एक रस्ता सापडतो: “यामागे काहीतरी शास्त्र आहे.” काही रूढींमागे खरोखर शहाणपण असतं. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होडी समुद्रात घालत नाहीत, आणि आता सरकारी मासेमारीबंदीही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असते. तैवानमध्ये त्या महिन्यात मुलांना पोहायला सोडत नाहीत, तेव्हा वादळांचा मोसम असतो, हेही खरं. पण रात्री वाळत घातलेले कपडे भुतं घालून बघतात, यामागे शास्त्र शोधायला गेलात तर काहीतरी खोटंच तयार करावं लागेल. तसं करू नका. वडिलांना सर्वांत जास्त दुखेल ते याने. “मला हे खरं वाटत नाही, तरी आजीसाठी पाळते” हे वाक्य प्रामाणिक आहे आणि ते मनात पूर्ण म्हणता यायला हवं.

बाकीच्या देशांत राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. जपानमध्ये भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, तसं मृतापुढच्या भातात करतात. रशियात उंबरठ्यावरून हात मिळवू नका आणि फुलं विषम संख्येनेच न्या, सम संख्या मयताला. जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, लोक अपशकुन मानतात. अशा गोष्टींना आपलं काही लागत नाही. बिनतक्रार पाळाव्यात आणि पुढे जावं.

आता आजी. कपड्यांचं सोपं आहे. शिन्चूचा वारा तैवानभर प्रसिद्ध आहे, रात्री बाहेर घातलेला कपडा सकाळी जागेवर सापडला तरी नशीब. महिनाभर आत वाळत घाला. शिट्टीबद्दल तर बोलायलाच नको, रात्री शिट्टी वाजवली की साप येतो हे आपणही लहानपणी ऐकलेलं आहे. यात आजीला दिलासा मिळतो आणि तुमचं काही जात नाही.

घराचं तसं नाही. इथे तुमचे पैसे आहेत, रोजचा जाण्यायेण्याचा वेळ आहे. मुंबईतल्या कुठल्याही इस्टेट एजंटला विचारा, पितृपंधरवड्यात व्यवहार थंडावतात आणि घासाघीस करायला तीच वेळ बरी असते. तिथेही लोक त्या महिन्यात घर बदलायचं टाळतात, म्हणून तुम्हाला हे घर स्वस्तात मिळतंय. दुसऱ्याच्या भीतीपायी ते सोडू नका. आजीचा शब्द राखण्याची किंमत एका बाल्कनीपुरती होती तोवर ठीक होतं. ती वर्षभराच्या भाड्याइतकी झाली की नाही म्हणायचं.

फक्त कसं म्हणायचं ते बघा. भुतं असतात की नसतात हा विषयच काढू नका. आजीला सांगा की ऑफिस जवळ पडतं, रात्री उशीर होतो, आईलाही काळजी वाटते. शिवाय आपल्याकडची एक युक्ती आहेच. पितृपक्ष लागणार असला की लोक आदल्या आठवड्यात नव्या घरात कलश ठेवून, दूध उतू घालून येतात आणि सामान मागाहून सावकाश हलवतात. किल्ली आधी मिळत असेल तर तुम्ही महिना लागायच्या आत एखादी पिशवी नव्या घरी ठेवून या आणि आजीला तसं सांगा. तुम्ही मानत नसताना हे करणं म्हणजे फसवणूक, असं वाटेल. मला नाही वाटत. पिशवी खरोखरच नेऊन ठेवलेली असेल आणि ती आजीच्या जिवाला बरं वाटावं म्हणून ठेवली हे तुम्ही कबूल करत असाल, तर खोटं कुठे आहे? पण आजीने भीती घालून डिपॉझिट अडवलं, तर मात्र नाजूकपणा बाजूला ठेवा आणि करारातल्या कलमांवर बोला.

आणखी एक सांगते. आज तुम्ही पाहुण्या आहात, कायम पाहुण्याच राहणार नाही. चार-पाच वर्षांत टीम तुमच्या हाताखाली येईल. तेव्हा कुणी ठरवलं की पाळी आलेल्या मुलीने किंवा गरोदर सहकारी बाईने टेबलाजवळ यायचं नाही, किंवा इंडोनेशियाहून आलेल्या मुसलमान कामगाराच्या हातात जबरदस्तीने उदबत्ती दिली, तर “ही त्यांची संस्कृती” म्हणून गप्प बसू नका. तोवर तो तुमचाही देश झालेला असेल, आणि काळाचौकीत जे बोलायचात ते तिथेही बोलायला लागेल. त्यासाठी आत्तापासून कुणाशी भांडून ठेवायची गरज नाही. मृतांसाठी म्हणून ज्या खोट्या कागदी नोटा जाळतात, त्यांच्या धुराबद्दल बोलायचं असेल तर आत्ताही बोलता येईल. तैपेईत त्या गोळा करून महापालिकेच्या भट्टीत एकत्र जाळायची सोय आहे. आपण गणपतीसाठी कृत्रिम तलाव स्वीकारले, तसं हे तिथल्याच लोकांनी सुरू केलेलं आहे. त्यांच्या बाजूने उभं राहणं सोपं जाईल.

राहिले वडील. इथे चूक उदबत्तीची नाही, त्यांना ग्रुपवरून कळलं याची आहे. ज्या माणसाने कोपरा सभांमध्ये जिभेवर कापूर जाळून दाखवला, नातेवाइकांचे टोमणे आयुष्यभर पचवले, त्याला त्याच नातेवाइकांनी लेकीचा फोटो दाखवून हिणवलं. त्यांचं दुखणं भुतांबद्दलचं नसावं. यंदा पूजेच्या आधीच त्यांना स्वतः फोन करा. चीलुंगच्या त्या मारामारीची आणि पाळीपाळीने मिळणाऱ्या मानाची गोष्ट सांगा, त्यांना ती नक्की रस घेऊन ऐकावीशी वाटेल. तुम्ही काय करणार आहात ते सांगा, परवानगी मागू नका. आणि एक विचारा: चाळीत कुणी गेलं की तेराव्याला बाबा जेवायला जायचे का, आणि का जायचे. त्यांनी गेल्या वर्षी हे बोलायला हवं होतं आणि तुम्हीही. कुणीतरी आधी सुरुवात करायची आहे, तर तुम्ही करा.

ग्रुपवर मामेभावाला उत्तर देऊ नका. पुढच्या सुट्टीत आलात तर त्याच्या आईकडे जा, सत्यनारायण असेल तरी जा, शिरा खा, आणि तीर्थ नको असेल तर शिन्चूत म्हणणार आहात तितक्याच हसतमुखाने नको म्हणा.

आणि नव्या घराचा भाडेकरार बहुधा चिनीत असेल. सही करण्याआधी ऑफिसातल्या भरवशाच्या कुणाकडून पूर्ण वाचून घ्या, विशेषतः डिपॉझिट परत मिळण्याची आणि मुदतीआधी घर सोडण्याची कलमं.